धोंडू नावाची मुलगी

मानपाड्याच्या आमच्या घरात सध्या नावाचा शोध चाललाय. सुनेला दिवस गेलेत आणि तिला असं नाव हवंय जे मुलालाही चालेल, मुलीलाही. मी म्हटलं, "अगं, मग माझंच घे की!" ती हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

माझं नाव धोंडू. धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणून नव्हे. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आमच्या कोकणातल्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्याला दगडाचं नाव मिळालं. सोन्यासारखी पोरं काळ उचलून नेतो, धोंड्याकडे कोण बघतंय! मुलगा होतो की मुलगी हे कळायच्या आधीच आईने ते ठरवून टाकलं होतं.

कळव्याच्या शाळेत त्या नावाने माझे हाल केले. नव्या बाई आल्या की विचारायच्या, "धोंडू कोण रे? उभा राहा." दोन वेण्या घातलेली मी उभी राहायचे आणि सगळा वर्ग खिदळायचा. घरी येऊन मी आदळआपट करायचे, पण आई ढिम्म. तिने मला कधी गोड म्हटलं नाही. कुणी माझं कौतुक केलंच तर म्हणायची, "कसली हो, दगड आहे नुसता."

मला एकच आशा होती, लग्नाची. आमच्यात तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं ठरलेलं नाव मला आधीच कळलं होतं. एका फुलाचं होतं. आरशासमोर उभी राहून मी त्या नावाने स्वतःलाच हाका मारायचे.

कल्याणच्या हॉलमध्ये ह्यांनी ते लिहिलंही. तेवढ्यात, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई पुढे आली आणि तिने तळहाताने तांदूळ सारखे केले. नाव पुसलं गेलं.

"राग मानू नका," ती सासूबाईंना म्हणाली, "हिच्याआधीची दोन राहिली नाहीत. ह्या नावावर ही राहिलीय."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "लिही रे, धोंडू."

मी ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. मला आईचा इतका राग आला होता की काही विचारू नका.

गेल्या महिन्यात कळव्याला तिच्याकडे गेले होते. ती आता अंथरुणावरच असते. माझ्या पिकल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "साठीची झालीस, आता सांगायला हरकत नाही. लहानपणी काय गोड दिसायचीस गं! बघतच राहावंसं वाटायचं."

एवढ्यात तिची नजर उघड्या दाराकडे गेली. दारात कुणी नव्हतं. तरी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काही नाही हो, आमची धोंडू आलीय."