बाळंतिणीची शेगडी

पोर रडायची एकदम थांबली, तेव्हा मी घाबरले. बाळंतिणीला शेक हवा म्हणून सासूने माझ्या खाटेखाली पेटत्या कोळशांची शेगडी ठेवली होती. वसईला सगळ्याच बाळंतिणी असा शेक घ्यायच्या, पण तिथे धूर कौलांतून निघून जायचा. हे सिडनीतलं नवं विटांचं घर, खिडक्या घट्ट बंद, आणि दाराखालच्या फटीतही सासूने टॉवेल कोंबलेला. "वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसशील," असं म्हणाली होती. आता तीच भिंतीला टेकून मान टाकून बसली होती. "आई, दार उघडा!" ती हलली नाही. सत्तरच्या दशकात सिडनीत नवरा-बायको दोघंही कामाला जायची, दुपारी हाकेला ओ द्यायला गल्लीत कुणी नसायचं. माझे पाय उचलत नव्हते. पोरीला काखेत धरून मी सरपटत गेले, टॉवेल ओढला, दार उघडलं. पोरीला मागच्या गवतावर ठेवून परत आले आणि सासूला पायांना धरून बाहेर ओढलं. पोर किंचाळली. सासूने डोळे उघडले. "टोपडं कुठाय तिचं? गार लागेल." "गप्प बसा," मी म्हटलं. सासू पुढे बरीच वर्षं जगली, पोर आता स्वतः आजी झाली आहे, आणि मीही अजून आहे.