कालचं आभाळ

मालवणच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, एक आभाळ होतं. ते मी बनवलं होतं आणि त्याचा मला इतका माज होता की पाहुण्यांना चहाआधी ते दाखवायचो.

कॉम्प्युटरवर विमान चालवायचा जो खेळ असतो, त्यातलं मूळचं हवामान अगदी बेचव. ढग म्हणजे कापसाचे बोळे, पाऊस म्हणजे रेघोट्या. त्या खेळाला जोडता येईल असं खरंखुरं हवामान मी तयार करत असे आणि इंटरनेटवर टाकत असे; देशोदेशीचे लोक ते उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटरचे क्लास घेऊन उरलेला वेळ गच्चीवर उताणा पडून ढगांचे फोटो काढायचो. कुणी विचारलं तर बायको सांगायची, "त्येंची कंबार धरली." नवरा ढग बघत पडलाय, यापेक्षा ते बरं.

वादळ मात्र मी थोरल्या भावाकडून घेतलं. तो दोन खलाशी घेऊन स्वतःच्या होडीने मासेमारीला जायचा. त्याने मला क्रम सांगितला. "आधी वारो मरता. मगे पाणी काळा पडता. मगे थंड वारो येता. तो इलो की तुझ्या हातात काय रवणा नाय." मी अगदी तसंच लिहून काढलं. पहिल्यांदा त्यालाच खुर्चीत बसवलं. विमान हलायला लागल्यावर त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं, आणि उठताना म्हणाला, "बरा केलंस."

पुढे मी आणखी एक करामत केली. जवळच्या विमानतळावरून, म्हणजे आमच्यासाठी गोव्याहून, हवामानाचा जो अहवाल निघतो, तो फोनच्या लाईनवरून ओढून घ्यायचा आणि त्या घटकेला तिथे जसं आभाळ असेल तसंच पडद्यावर उभं करायचं. दादा मग रोज किनाऱ्यावर जाण्याआधी वर डोकवायला लागला. "तुझ्या डब्यात आज कसलो वारो?" मी तोऱ्यात सांगायचो.

नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला असेल. त्या सकाळी तो खोलीत आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"दक्षिणेक माका काळा दिसता."

"गोव्यात साफ आसा. बघ."

त्याने पडदा पाहिला, खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला आणि गेला.

मग माझी नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. अहवाल आदल्या सकाळचा होता. फोन उचलला, तर लाईन मेलेली. नवा अहवाल मिळाला नाही तर शेवटचा दाखवत राहा, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. माणसाला रिकामं आभाळ दिसू नये म्हणून.

किनारा घरापासून हाकेवर. मी अनवाणी धावलो. होडी पहिल्या लाटा ओलांडून गेली होती, इंजिन अजून सुरू झालं नव्हतं, दादा किनाऱ्याकडे पाठ करून उभा होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला पोचवायला आलेल्या वहिनीने माझा दंड धरला.

"भावजी, होडयेक पाठसून हाक मारूची नाय. काय देवचा रवला?"

"काय नाय," मी म्हणालो.

असल्या शकुन-अपशकुनांची मी आयुष्यभर नक्कल करून लोकांना हसवलेलं. त्या सकाळी मात्र त्या रिवाजाच्या आड मी लपलो. हाक मारली असती तर चारचौघांत सांगावं लागलं असतं की माझं आभाळ शिळं आहे. इंजिन सुरू झालं. होडी लहान होत गेली.

दहाच्या सुमाराला वारा मेला. अंगणातल्या माडाची एक झावळी हलत नव्हती. मग किल्ल्यापलीकडचं पाणी काळं पडलं. मी लिहिलेल्या क्रमाने सगळं घडत होतं, आणि पुढे काय येणार हे मला पाठ होतं. मग मानेवर थंड वारा लागला.

माझ्या प्रोग्रॅममध्ये वादळ चाळीस मिनिटांत संपायचं, कारण त्याहून जास्त वेळ कुणी खेळात टिकत नाही. मी घड्याळ लावून बसलो. चाळीस झाली. साठ झाली. समुद्र आणि पाऊस यांतला फरक दिसेनासा झाला.

वहिनी ओसरीवर आली. तिचा आवाज अगदी शांत होता. "भावजी, वर जावन बघा मां. डब्यात काय दिसता?"

मी वर गेलो. खिडकीच्या काचेवर पाऊस आपटत होता आणि पडद्यावर लख्ख निळं आभाळ होतं, दोन गोजिरवाणे ढग, माझ्याच गच्चीवरून काढलेले. आयुष्यात कुठल्याच चित्राची मला इतकी भीती वाटलेली नाही. खाली येऊन म्हणालो, "लाईन बंद आसा." दुपारपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून होतो.

चारच्या पुढे दारात रिक्षा थांबली आणि दादा उतरला. होडी देवबागच्या खाडीत कशीबशी शिरली होती. जाळी कापून टाकलेली, एका खलाशाचा हात मोडलेला. दादाचे गुडघे सोललेले होते. वहिनी गरम पाणी आणायला आत गेली तशी मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे ता आभाळ कालचा होता," तो म्हणाला. "मगे हाक कित्या मारूक नाय?"

"वैनीन धरल्यान माका."

"तिका म्हायत नव्हता. तुका म्हायत होता."

त्यानंतर तो वरच्या खोलीत आला नाही.

लाईन सुरू झाल्यावर मी प्रोग्रॅम बदलला. अहवाल तासाहून जुना असेल तर पडदा करडा पडायचा आणि त्यावर एकच ओळ यायची : इथलं हवामान माहीत नाही. नॉर्वेतल्या एका निवृत्त पोस्टमनचं पत्र आलं. माझे ढग त्याला फार आवडायचे. त्याच्या गावी लाईन सारखी जाते, निदान जुनं आभाळ तरी राहू द्या, करड्यात उडायला भीती वाटते, असं त्याने लिहिलं होतं.

मी उत्तर पाठवलं की करडंच राहील.