चार बोटांचा जादूगार

वाचनालयातून परत आलेल्या नोरानं कोटही न काढता किटली शेगडीवर आदळली. तिचा नवरा क्लिफर्ड ओलरनशॉ त्या आवाजावरूनच समजला, आज बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलंय.

"तू काढलेलं चित्र लावलंय तिथं प्रदर्शनात. जादूगाराचं, खरंखुरं, हातानं रंगवलेलं," ती म्हणाली. "आणि खाली पाटी काय, तर 'चित्रकार अज्ञात'! अज्ञात म्हणे! दोन बसथांबे सोडून इथं बिस्किटं खात बसलाय तो अज्ञात!"

"असू दे की. कोण वाचतंय पाट्या?"

"मी वाचली ना!"

क्लिफर्ड तोंडानं 'असू दे' म्हणाला खरा, पण त्याला लागलं होतं. वय शहात्तर. हात चार वर्षांपासून थरथरत होते, आता ब्रश धरायची सोयच नव्हती. आणि त्याच्या साठ-पासष्ट चित्रांपैकी मूळ चित्र म्हणून जगात उरलं होतं ते हे एवढंच. इथं नाव लागलं नाही, तर ते कुठंच लागणार नव्हतं.

हा माणूस जत्रेतल्या पाळण्यांवर वाघसिंह रंगवता रंगवता मोठा झाला. पुढे घरोघरी छोटे कॉम्प्युटर आले आणि त्यांचे खेळ कॅसेटवर मिळू लागले. पडद्यावर बघाल तर चार चौकोन इकडून तिकडे पळताहेत. त्यातला राजा कुठला आणि राक्षस कुठला, हे पोरांना सांगायचं ते कॅसेटच्या डबीवरच्या चित्रानं. मँचेस्टरहून कंपनीचा फोन यायचा, "किल्ला, जादूगार आणि थोडी आग. शुक्रवारपर्यंत." खेळ बघून काढू म्हणावं, तर खेळच अजून तयार नसायचा. मग क्लिफर्ड आपल्या मनानं किल्ला बांधायचा, आणि कितीतरी वेळा खेळ लिहिणारेच मागाहून चित्र बघून खेळ बदलायचे. एवढं करून डबीवर नाव म्हणाल तर कंपनीचं. कोपऱ्यात बारीक सही करावी, तर छापताना नेमका तोच कोपरा कापला जायचा.

चित्रासाठी समोर उभं राहायला माणसं लागत, ती गल्लीतलीच. चिप्सच्या दुकानातला रॉय अंतराळवीर झाला. शाळेपुढं पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस टॅटर्सल ड्रॅगन मारणारी राणी झाल्या. खांद्यावर पडदा, डोक्यावर चहाच्या किटलीचं लोकरी टोपडं, हातात झाडू, असं सजवून तो त्यांना परसात उभं करायचा आणि फोटो काढून ठेवायचा. "क्लिफ, ह्या खेपेला मला जिवंत ठेव बाबा," रॉय म्हणायचा, "गेल्या वेळी राक्षसानं खाल्लं तर बायको आठवडाभर हसत होती."

दुसऱ्या दिवशी नोरानं त्याला जवळजवळ ओढतच वाचनालयात नेलं. प्रदर्शन मांडणारी गेनोर चाळिशीची, गोड बोलणारी, पण कामात काटेकोर होती.

"माझा विश्वास बसतोय हो, मिस्टर ओलरनशॉ. पण 'मीच तो' म्हणत तुमच्याआधी दोघं येऊन गेलेत. एखादा कागद आहे? पत्र?"

कंपनी कधीच बुडाली होती. फोटो माळ्यावर भिजून त्यांचा लगदा झाला होता. क्लिफर्डनं नाही म्हणून मान हलवली.

"बरं, मग एक सांगा," गेनोर म्हणाली. "जादूगाराच्या उजव्या हाताला चारच बोटं का? आम्ही पोरं त्यावरून भांडायचो. मी म्हणायचे, खेळातल्या किल्ल्यात चार किल्ल्या दडवल्यात, त्याची ती खूण. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी चौथी शोधली. मिळाली नाही."

क्लिफर्डच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ह्याच प्रश्नाची भीती त्याला तीस वर्षं होती.

"किल्लीबिल्ली काही नाही, पोरी," तो म्हणाला. "जादूगार म्हणून आमच्या गल्लीतला विल्फ बार्डस्ले उभा राहिला, त्याला चारच होती. पाचवं गिरणीत गेलं, कापूस पिंजायच्या यंत्रात. मी जे दिसलं ते रंगवलं. चूक माझी. तुझी सुट्टी वाया घालवली, माफ कर मला."

चूक म्हणजे तरी कसली! त्या गल्लीत निम्म्या घरांत कुणाचं ना कुणाचं बोट गिरणीनं घेतलेलं. चार बोटं बघून कुणाच्या डोळ्याला खटकणार? क्लिफर्डच्या नाही, नोराच्या नाही. खटकली ती कंपनीच्या साहेबाला, आणि तोवर डब्या छापून झाल्या होत्या. साहेबाचं ते फोनवरचं ओरडणं क्लिफर्ड विसरला नव्हता.

गेनोर मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "वाया? अहो, आयुष्यातली सगळ्यात छान सुट्टी होती ती! तुमचे उपकारच आहेत माझ्यावर." मग गंभीर होऊन म्हणाली, "हे विल्फ कुठं भेटतील?"

विल्फ जाऊन पंधरा वर्षं झाली होती. नोरानं त्याच्या बायकोला, हिल्डाला फोन लावला. त्र्याऐंशीची हिल्डा तासाभरात काठी टेकत बसनं आली. तिनं हे चित्र कधी बघितलंच नव्हतं. घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि "क्लिफकडे झाडू धरून उभा होतो," ह्यापलीकडे विल्फ घरी काही बोलला नव्हता.

ती चित्रापुढं उभी राहिली आणि जादूगाराचा वर केलेला हात बघत राहिली.

"सांग की गं ह्यांना, हा विल्फच ना?" नोरा अधीर झाली.

"तो हात कायम खिशात असायचा त्याचा," हिल्डा हळूच म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा. घरात तीन आल्बम आहेत, एकातही तो हात नाही. तुझ्यापुढं कसा रे काढला बाहेर त्यानं?"

"मी म्हटलं, वीज पाडायचीय विल्फ, हात वर कर," क्लिफर्ड म्हणाला. "त्यानं केला."

गेनोरनं जुनी पाटी काढली आणि पेन उघडलं. क्लिफर्डनं आधी विल्फचं नाव घालायला सांगितलं, गिरणीकामगार असं लिहून. त्याचं स्वतःचं नाव नोरानं अक्षर न् अक्षर सांगून लिहून घेतलं.

हिल्डानं चित्रावर हात ठेवला. हात लावू नये असं शेजारी लिहिलं होतं, पण गेनोरनं तिकडं काणाडोळा केला.

"फार उपकार झाले रे क्लिफ," हिल्डा म्हणाली. "एक बोट जास्त काढलं असतंस, तर हा माझा विल्फ नसता."