वाचून परत द्यायचा जाहीरनामा

आमच्या नारायण पेठेतले एक निवृत्त कारकून लोकसभेला तिसऱ्यांदा अपक्ष उभे होते. जाहीरनामा चार पानी, स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केलेला. तो हातात द्यायचे आणि आपण वाचून परत देईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. नुसता छळ!

"अहो, प्रत एकच आहे, अजून पुष्कळ घरं व्हायची आहेत," ते माझ्या दारात म्हणाले.

मला कंपनीची बस गाठायची होती. पानं उलटल्यासारखं करून मी जाहीरनामा परत दिला.

"आयटी कंपन्यांना जमीन देण्याआधी सरकारनं काय सांगावं, असं म्हटलंय मी?"

मी घड्याळाकडे पाहिलं.

"पाणी कुठून आणणार, ते. पान तीन. न वाचणाऱ्याचं मत मला नको."

मी इतका चिडलो, की मत दुसऱ्यालाच दिलं. त्याचा जाहीरनामा मी पाहिलासुद्धा नव्हता.