कासवांसाठी रॅम्प

दिल्लीत काम पटकन झालं तर सांगण्यासारखं काही उरत नाही. रखडलं की मग किस्से साठायला लागतात, आणि आमचं काम तर दोन वर्षं रखडलं. घरी पाहुणे आले की नवरा म्हणतो, "नीलिमा, ते गेटचं सांग ना." मी चिडून सुरुवात करते, लोक हसायला लागतात, मग मी आणखी चिडते.

तर आमची सोसायटी मयूर विहारला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पार्क. झोके-घसरगुंडीवालं नाही; तळं, जुनी झाडं, मुंगसं, घोरपडी आणि पुष्कळ कासवं. मोटरसायकली आत घुसू नयेत म्हणून कोणीतरी गेटमध्ये गुडघ्याएवढा सिमेंटचा उंबरा बांधून ठेवला. पावसाळ्यात अलीकडच्या नाल्यातली कासवं तळ्याकडे निघतात, उंबऱ्याशी अडतात आणि तिथेच गाड्यांखाली येतात.

त्याच उंबऱ्यावरून उतरताना सुशीलाकाकूंचा तोल गेला, त्या थेट रस्त्यावर आल्या आणि ई-रिक्षाने त्यांना उडवलं. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. तीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून काकूंनी हा फ्लॅट घेतला तो या पार्कसाठी. आत एक पिंपळ आहे. त्याच्याखाली बसून त्या रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायच्या. ते बंद झालं. मी मेट्रो पकडायला निघाले की तळमजल्याच्या खिडकीतून विचारायच्या, "पिंपळाला पालवी आली का गं?"

आमची मागणी एवढीच होती, की उंबऱ्याला दोन्हीकडून उतार द्या आणि रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग द्या. काकूही जातील, कासवंही जातील.

*

अर्ज लिहायचं काम साहजिकच वानखेडेकाकांकडे गेलं. काका म्हणजे सुशीलाकाकूंचे यजमान. मूळ अमरावतीचे, एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून रिटायर झालेले. आमच्या कमिटीत सात माणसं, त्यातली पाच रिटायर्ड केंद्र सरकार. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

काकांनी अर्जाचा मसुदा केला. नुसता 'विषय' चार ओळींचा होता. मग तो मसुदा त्यांनी फाइलला लावला आणि फाइल कमिटीत फिरवली. 'ए' विंगमधून ती 'कृपया चर्चा करें' असा शेरा घेऊन आली. 'सी' विंगने 'पूर्वीचे संदर्भ जोडावेत' म्हटलं. पूर्वीचे संदर्भ कुठून आणणार? पहिलाच अर्ज होता! माझी सही समासाबाहेर गेली म्हणून फाइल माझ्याकडे परत आली.

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा काकूंनी पलंगावरून विचारलं, "अहो, अर्ज गेला का?"

"विचाराधीन आहे," काका म्हणाले.

"कोणाच्या?"

"आमच्याच."

*

अखेर अर्ज गेला. पार्कवाल्यांचं उत्तर आलं, पार्क आमचा, पण गेटबाहेरचा रस्ता आमचा नाही. रस्तेवाले म्हणाले, रस्ता आमचा, भिंत आमची नाही. भिंतवाले म्हणाले, भिंत आमची, पण तिच्यातलं गेट पार्कवाल्यांचं. उंबरा कोणाचा, ते कोणीच बोलेना. मी तीन ऑफिसांत तीन अर्ध्या रजा घालवून आले. प्रत्येक ठिकाणी खुर्चीवर टॉवेल होता आणि साहेब मीटिंगमध्ये.

काकांनी मग तिघांना एकाच मजकुराचं पत्र पाठवलं: 'सदर उंबरा कोणत्याही विभागाच्या मालकीचा नसल्याचे आपल्या उत्तरांवरून दिसते. सबब, रहिवासी तो स्वखर्चाने येत्या रविवारी तोडत आहेत.'

शुक्रवारच्या आत तिन्ही विभागांची उत्तरं आली. उंबरा तिघांचाही निघाला. दोन वर्षांत वेळेवर आलेली तेवढीच उत्तरं.

*

चढ्ढाजी आमच्या कमिटीतले उत्साही सदस्य. त्यांना कागद नको असतात, ॲक्शन हवी असते. म्हणाले, "यार, बॅनर लगाओ, मीडिया आएगा." मी म्हटलं, चलो, लावून बघू.

बॅनर आला. वर मोठ्या अक्षरांत 'वन्यजीव बचाओ' आणि खाली वाघ, हत्ती आणि जिराफ. कासव नाही. मी विचारलं तर म्हणाले, "भाभीजी, प्रिंटिंगवाले के पास यही पॅकेज था."

मीडिया आला नाही, पण नेमका त्याच आठवड्यात इंजिनियर पाहणीला आला. बॅनरसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, ये जिराफ किस टाइम निकलता है?"

हसावं की त्याला धरून हलवावं, मला कळेना. मी त्याला उंबऱ्यापाशी नेलं, म्हटलं, इथून आत जाऊन दाखवा. त्याने एका हाताने गेट धरलं, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला आणि पाय टाकला. पलीकडे पोचल्यावर पँट झटकली आणि वहीत लिहिलं, 'प्रवेश सुगम.'

*

झेब्रा क्रॉसिंग मात्र मिळालं. एका सकाळी पांढरे पट्टे दिसले आणि मला इतका आनंद झाला की मी काकूंना फोन केला. मग नीट पाहिलं. पट्टे आमच्या बाजूने छान सुरू होत होते आणि समोर भिंतीवर जाऊन संपत होते. गेट तिथून वीस पावलं पुढे. रंगाचा डबा आवरणाऱ्या माणसाला विचारलं तर त्याने नकाशा दाखवला. नकाशात गेट तिथेच होतं. म्हणाला, "पट्टी सही है जी, गेट गलत बना है."

तो पट्टा आजही आहे. आम्ही नियमाने त्यावरून रस्ता ओलांडतो, भिंतीला हात लावतो आणि मग गेटकडे वळतो.

*

रॅम्पच्या अर्जाचा निकाल आला तो नकाराचा. सोबत एक जुनं परिपत्रक होतं: नैसर्गिक क्षेत्रात लोकांच्या सोयीसाठी सिमेंटचं कुठलंही नवं बांधकाम करता येणार नाही. अपवाद फक्त वन्यजीवांच्या हालचालीसाठी लागणाऱ्या कामांचा.

मी ते काकांच्या बैठकीत मोठ्याने वाचत होते. "कोण लिहितं हे? या माणसाने आयुष्यात कधी पार्क पाहिलाय का?" वगैरे माझं चालू होतं. मग दुसरं पान उलटलं. खाली सही होती, के. डी. वानखेडे, अवर सचिव.

काकांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि हळूच म्हणाले, "भाषा चांगली आहे पण."

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा रागही समजत होता आणि काकांची दयाही येत होती. तीस वर्षं ज्या कामाचा अभिमान बाळगला, ते बायकोच्या वाटेत आडवं आलं होतं. माणूस जेवेनासा झाला. सकाळी पार्ककडच्या खिडकीचा पडदा ते स्वतः ओढून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी काकूंनीच चहा पुढे केला. "कासवांना चालतो ना तुमच्या त्या कागदात रॅम्प?"

"चालतो. अपवाद मीच घातला होता."

"मग माझं नाव काढा अर्जातून. नुसती कासवं ठेवा."

*

कासवांचा रॅम्प पाच महिन्यांत झाला. खरंच झाला. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना हलका उतार, नखांना पकड मिळावी म्हणून खरखरीत सिमेंट, गाड्या घुसू नयेत म्हणून मध्ये एक खांब, आणि वर पाटी: 'केवल वन्यजीवों के लिए.' शिवाय पार्कच्या गेटवरच्या चौकीदाराला, रामअवतारला, एक जाड रजिस्टर मिळालं. रॅम्पवरून जे जाईल ते लिहायचं: दिनांक, समय, प्रजाति, संख्या, दिशा, टिप्पणी. रामअवतार पन्नाशीचा, मिश्यावाला, हुकमाचा पक्का. काकूंना तो बऱ्याच वर्षांपासून ओळखत होता.

त्या सकाळी आम्ही निघालो. पुढे काकू वॉकर घेऊन, मागे काका, त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन मी. पट्ट्यावरून रस्ता ओलांडला, भिंतीला हात लावला, गेटपाशी आलो. काका पाटीसमोर थबकले. आयुष्यात त्यांनी नियम मोडलेला नाही, आणि हा तर त्यांचाच नियम. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वॉकर उचलून रॅम्पवर टेकवला.

रामअवतारने पाटी वाचली. काकूंकडे पाहिलं. मग उठून गेट पूर्ण उघडलं आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

पिंपळाला पालवी होती. काकू त्याच्याखाली बसल्या आणि बुद्धवंदना म्हणायला लागल्या. मी जरा लांब जाऊन डोळे पुसले.

परत निघालो तेव्हा स्टुलावर रजिस्टर उघडंच होतं. वरची नोंद मुंगसाची. तिच्या खाली नुकतीच केलेली नोंद होती: 'समय ६:४०. प्रजाति: आंटीजी. संख्या: एक. दिशा: अंदर. टिप्पणी: धीरे चलती हैं. किसी को नुकसान नहीं.'

काकांनी चष्मा लावला. नोंद एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मला वाटलं, आता खोडायला लावणार. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातून पेन काढलं, रामअवतारला म्हणाले, "छह बयालीस थे," वेळ दुरुस्त केली आणि खाली तारीख घालून सही केली.