एकसारखं ते एकच

आमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर आला तेव्हा आदिलाबादेत घरी कूलर असणाऱ्यालाही लोक वाकून नमस्कार करत. कॉम्प्युटरला मात्र आल्याआल्या काचेची खोली मिळाली, एसी मिळाला, आणि डोक्यावर बासरहून आणलेला सरस्वतीचा फोटो. बाहेर दोनशे बाया नाकातोंडाला पदर बांधून कापूस निवडत. आणि मी, नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला दीडशहाणा, त्या एसीत बसून शिंका देत असे.

आदल्या साली कापसाच्या गंजीला आग लागली होती. आग विझली, पण बंबाच्या पाण्यानं ऑफिसातले निम्मे कागद भिजले. तेव्हापासून शेठजींचा एकच धोशा होता, "सबकी नकल रखो." हजेरीची पुस्तकं तेवढी कोरडी राहिली होती. ती बारा हंगामांची हजेरी मी तीन महिने बसून मशीनमध्ये चढवली. मशीनच्या पोटात जागा पुरेना, म्हणून जुने हंगाम फ्लॉप्यांवर टाकले. पुस्तकं रद्दीत गेली आणि चौकातल्या मिरचीभज्यांना बरेच दिवस पुरली.

मग दर शनिवारी सगळ्याची नकल, आणि नकलेचीही नकल. फ्लॉप्या कपाटात मावेनात, टेबलाच्या खणात मावेनात, म्हणून मी काही शेठजींच्या फरसाणाच्या डब्यात ठेवल्या. एका दुपारी शेठजींनी शेवेसाठी हात घातला आणि हाताला फ्लॉपी लागली. त्याच दुपारी मीटिंग बसली.

मीटिंगला शेठजी, म्हातारे मुनीमजी, मी, आणि हैदराबादहून आलेला एक टायवाला सेल्समन. तो म्हणाला, तुमच्याकडे तीच ती चीज दहादहा ठिकाणी पडली आहे. एक ठेवा, बाकी पुसा, त्यासाठी प्रोग्राम मिळतो. प्रोग्राम दोन तऱ्हेचे होते. एक प्रोग्राम दोन फायलींची ओळन्‌ओळ ताडून पाही, आणि त्यापायी मशीन दोन दिवस अडकून पडे. दुसरा फक्त फायलीचं नाव आणि साइज पाही. नाव एक, साइज एक, म्हणजे फाइल एकच.

मुनीमजींनी पोरवयात निजामाच्या तहसिलीत उमेदवारी केलेली. ते म्हणाले, "नकल आली का मुकाबला आलाच. एकानं असल वाचायची, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठिवायचं. आमी असंच करत आलो. दोन दिवस लागन, तं लागू द्या."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. म्हातारा आता मशीनला शिकवून राह्यला, असं वाटलं मला. "शेठजी, दुसराच घ्या. चहा येईस्तोवर काम होते," असं मी म्हणालो. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

चहा आला आणि काम झालंही. चाळीस फ्लॉप्यांच्या नऊ झाल्या. शेठजींनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

दिवाळीच्या सुमारास एक मावशी काचेच्या दारात येऊन उभी राहिली. एक्केचाळीस नंबरच्या बिल्ल्याची बाई, गुडीहत्नूरच्या पलीकडच्या खेड्यातली. शेठजींच्या वडिलांपासून जिनात एक कायदा होता: ज्या बाईचे बारा हंगाम भरले तिला गोदामात बारमाही काम, आणि फाटकाजवळ राहायला खोली.

"बाबू, माहे बारा भरले," ती म्हणाली. "पोरगी सातवी झाली. पुढची शाळा आमच्या गावात नाई. खोली भेटली तं इथं घालतो तिले. काढ नं कागद."

मी मोठ्या ऐटीत कागद काढला. त्यावर एकच हंगाम, शेवटचा. पुन्हा काढला, तरी एकच. मग नऊच्या नऊ फ्लॉप्या घालून पाहिल्या आणि उमगलं. बाराही फायलींना मी एकच नाव दिलं होतं, हजेरी; साल फक्त फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेलं. आणि प्रत्येक फायलीत दोनशे बिल्ल्यांचे दोनशे रकाने, बाई आली काय न आली काय, रकाना तेवढाच. नाव एक, साइज एक. प्रोग्रामनं अकरा हंगाम पुसले. मशीनची काय चूक? शेण मी खाल्लं होतं. मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तिला शेठजींकडे नेलं आणि झालं ते सांगितलं. मुकादम दोनच हंगाम जुना, त्याला काय ठाऊक. सोबतच्या बाया साक्ष द्यायला तयार होत्या. शेठजी म्हणाले, "मुँहजबानी नहीं चलता. दाखला चाहिए."

मावशीनं पदराची गाठ सोडली. आत दोरीत ओवलेले पत्र्याचे बिल्ले होते. दर हंगामाला नवा बिल्ला मिळे. नंबर मात्र तोच, कारण आधीच्या मुकादमाला तो पाठ झाला होता. तिनं टेबलावर एकेक मांडला. बारा भरले. माझा जीव भांड्यात पडला.

शेठजींनी एकेक बिल्ला उचलून उलटापालटा केला. साल कशावरच नव्हतं. मग नवीन धडा पाठ झालेल्या पोराच्या खुशीत ते म्हणाले, "सबका नंबर एक, साइज एक. तो ये एक ही हुआ ना? क्यों, कंप्यूटर बाबू?"

मी नवीनच लग्न केलं होतं, नोकरी लागून वर्ष झालं होतं. कारणं खूप देता येतील. मी म्हणालो, "हो जी."

शेठजींनी एक बिल्ला खणात टाकला आणि अकरा तिच्याकडे सरकवले. ती ते पुन्हा दोरीत ओवत बसली.

"मंग बाबू," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अकरा साल मी कोठी होती?"

ती त्या हंगामातही आली. मुकादमानं नवा बिल्ला दिला, एक्केचाळीसच. पुढल्या हंगामात तिच्या मागं रांगेत तिची पोरगी उभी होती. तिला बेचाळीस मिळाला. दोघींची हजेरी मीच चढवली.