धवल्यातली मोकळी जागा

माइकसमोर उभं राहण्याआधी ती चपला दाराबाहेर काढायची आणि डोळे मिटून विचारायची, "चालू केलास का, बाला?" मी हो म्हणण्याआधीच तिचा सूर लागलेला असायचा.

ती नेऱ्याकडच्या गावातली धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. पनवेलच्या आसपास कुठल्या हळदीला गेला असाल, तर हा आवाज तुम्हीही ऐकला असेल. माझ्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, खोलीत उकाडा, तरी ती गायला लागली की मी कुठल्यातरी मांडवात हळदीच्या वासात बसलेला असायचो. गाणं संपलं तरी बटण दाबायचं सुचायचं नाही.

आमची सीडी बाजारात जेमतेम आठवडा टिकली. मग मोबाईलच्या दुकानांतून तीच गाणी मेमरी कार्डात भरून मिळू लागली. मी दुकानदारांशी भांडलो, वकिलाकडे खेटे घातले, इंटरनेटवर तक्रारी केल्या. एक गाणं काढलं की दोन उगवायची. ती मात्र शांत.

"मी तरी कुठं इकत घेतला? सासूच्या तोंडचा उचलला," ती म्हणायची.

मी म्हणायचो, सासूनं स्वतः शिकवलं तुम्हाला. गाणं असं मोबाईलवर मिळालं, तर लोक तुम्हाला लग्नाला बोलवायचंच सोडतील. त्या वर्षी तिला खरंच फारशी बोलावणी आली नाहीत.

एका दुपारी ती आली ती रागावूनच. रोडपालीच्या एका लग्नाला ती पाहुणी म्हणून गेली होती आणि तिथं स्पीकरवर तिचाच धवला लावला होता. धवल्यात नवरीचं नाव गुंफायची रीत. आम्ही रेकॉर्डिंग केलं तेव्हा तिनं आपल्या भाचीचं नाव घेतलं होतं. आता हळद लागत होती एकीला आणि नाव ऐकू येत होतं दुसरीचं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, पण नवरीचे डोळे भरले होते म्हणे.

"परत भर," ती म्हणाली. "नावाच्या जागी मी गप राहीन. कोनाला चोराचा हाय तं चोरूं दे. पोरीचा नाव तरी घरच्या बायांनी घ्यावा."

मी म्हटलं, अशानं उरलासुरला हक्कही आपणच सोडून देतोय. तासभर वाद घातला आणि हरलो. ज्या दुकानदारांशी भांडलो होतो, त्यांच्याकडे नवीन गाणं मीच नेऊन दिलं. जुनं पुसून हे भरा, म्हणून विनवण्या केल्या. ते हसले, पण त्यांनी भरलं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. मला तिची फार आठवण येते. गेल्या महिन्यात आपटा गावी एका हळदीला गेलो होतो. नदीवरून वारा येत होता, मांडवाचं कापड फुगत होतं, आणि मोबाईलला जोडलेल्या स्पीकरमधून ती गायला लागली. शेजारच्या माणसाला विचारलं, कोण गातंय?

"काय म्हाईत," तो म्हणाला. "मोबाईलवरचा हाय."

गाणं नावाशी आलं आणि थांबलं. मांडवातल्या बायांनी एका सुरात नवरीचं नाव घेतलं. मी धवलारणीचं घेतलं.